पान 61 वरची अर्धी कविता

"जुनी कविता सापडलीय, छापायचीय, काय काय करावं लागतं?" असं गेल्या काही महिन्यांत मला चार जणांनी विचारलं. चौघांनाही फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं, आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहिलं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

आमचं प्रकाशन म्हणजे दोन माणसं आणि एक कपाट. मी साताऱ्यात शाळेत शिकवते, माझा आतेभाऊ डीटीपीची कामं घेतो. वर्षाला दोन-तीन पुस्तिका काढतो. सोळा-वीस पानांच्या, विस्मरणात गेलेल्या कवितांच्या. वर्गणीदार 164. त्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ, म्हणजे वर्गणी वेळेवर येते आणि चुकांची पत्रं त्याहून वेळेवर.

9 जून 2024, रविवार. आत्याचं वाईतलं जुनं घर रिकामं करायला गेलो होतो. माळ्यावर तिच्या सासऱ्यांच्या किराणा दुकानाच्या किर्दी होत्या, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वह्या, लाल कापडी बांधणीच्या, लांबट. त्यातल्या एकीचा पुढचा पुठ्ठा ओलीनं फुगून पापडासारखा सुटला होता. आतेभाऊ ती रद्दीच्या ढिगात टाकणार, तेवढ्यात मला पुठ्ठ्याच्या थरांमध्ये छापील अक्षरं दिसली. काळी, ठसठशीत, खिळ्यांच्या छपाईची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेली.

इथे पहिली सूचना. जुने बाइंडर विकतचा पुठ्ठा वापरतीलच असं नव्हतं. छापखान्यात वाया गेलेले फर्मे, म्हणजे छापील ताव, एकावर एक चिकटवून तेच दाबून पुठ्ठा करायचे. त्यामुळे किर्दीच्या, बाडांच्या पुठ्ठ्यात काय निघेल सांगता येत नाही. पण नखानं सोलायला जाऊ नका. मी एक कोपरा सोलला आणि दोन शब्द कायमचे घालवले.

22 जूनला आमच्या नेहमीच्या बाइंडर काकांकडे वही नेली. त्यांनी आधी पुठ्ठ्याचा वास घेतला. "मैद्याची खळ हाय, मोरचूद घातलेली. म्हणून वाळवी लागली न्हाई," म्हणाले. मोरचूद विषारी, म्हणून हातमोजे घालायला लावले. मग त्यांनी किर्दीची लिहिलेली पानं वेगळी काढली, कारण दौतीची शाई पाण्यानं फुटते. छपाईची शाई तेलातली, ती फुटत नाही. तरी खात्री म्हणून कोपऱ्यातल्या एका अक्षरावर ओला कापूस टेकवून बघितला. कापूस पांढराच राहिला. त्यानंतर पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना ओलसर टीपकागद, वर प्लास्टिक, आणि रात्रभर थांबणं. दुसऱ्या दिवशी बांबूची पातळ पट्टी थरांमध्ये सरकवून ते एकेक कागद असा सोडवत होते, जशी दुधावरची साय उचलतात. तीन दिवस लागले. कोरड्या टीपकागदात घालून वर वजन म्हणून त्यांच्या घरातला पाटा ठेवला. पाचशे रुपये घेतले, आणि मी जास्त देऊ केले तर रागावले.

पुढच्या पुठ्ठ्यात सहा कागद निघाले. पाच लग्नपत्रिका आणि व्यापारी हुंडीचे नमुने. सहावा एका मासिकाचं पान: वर डावीकडे 'दिवाळी अंक, शके 1848', उजवीकडे 61, आणि खाली 'दिव्याची कांच' नावाची कविता. कवीच्या जागी फक्त 'एक भगिनी'. पाठीमागे 62 व्या पानावर दंतमंजनाची जाहिरात, डबी सहा आणे. मासिकाचं नाव कुठेच नाही.

शक बघून गोंधळू नका. चैत्रापासून साधारण पौषाच्या मध्यापर्यंत 78 मिळवायचे, नंतर 79. म्हणजे हा अंक 1926 च्या दिवाळीचा.

कविता अशी सुरू होते:

रोज सांजचे पुसतें मी ही
काजळलेली कांच दिव्याची
काजळ उरतें बोटांवरती
उजेडांत घर पुस्तक वाची

'राख चिमुटभर, चिंधी ओली' अशी ओळ दुसऱ्या कडव्यात आहे. ती वाचून आत्या म्हणाली, "राख अस्संच घ्यायची मी, चिमूटभरच. जास्त घेतली तर काचेवर चरे पडतात." चार कडवी सलग आहेत. पाचव्याच्या 'आज घरीं नच कोणी म्हणुनी / वात जराशी' इथे कागदच संपतो. बाइंडरनं तेव्हा पुठ्ठ्याच्या मापानं सरळ कापलेला. मागचा पुठ्ठाही आम्ही लगेच सोडवून घेतला, अर्थातच. त्यात साबणाच्या वेष्टणांचे फर्मे.

मला त्या रात्री झोप आली नाही. चार कडवी चांगली आहेत, पण तक्रारीची आहेत. पाचव्यात ही बाई काहीतरी करते आहे. आज घरी कोणी नाही म्हणून ती वात जराशी काय करते? वर करते, खाली करते, विझवते?

जुलै ते नोव्हेंबर शोधाशोध. सुरुवात दाते सूचीपासून करावी. शंकर गणेश दाते यांनी मराठी पुस्तकांची सूची केली हे पुष्कळांना माहीत असतं. नियतकालिकांचीही सूची आहे, 1800 ते 1950 या काळाची. त्यातून 1926 मध्ये चालू असलेल्या मासिकांची यादी काढली, त्यातली सातारा, पुणे, सांगली, कोल्हापूरकडची आधी घेतली. छापखाना वाईच्या आसपासचा असणार असा आमचा अंदाज. पण अंदाजच, कारण रद्दी फर्मे पुण्याहून वजनावर विकत घेऊनही येत असतील.

मग ग्रंथालयं. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. नोकरी करणाऱ्यानं शनिवार गाठायचा म्हटलं की महिन्याला दोन फेऱ्यांच्या वर होत नाहीत. अनुभवानं शिकलेल्या गोष्टी सांगते. आधी फोन करून संदर्भ विभागाची वेळ विचारा, ती मुख्य ग्रंथालयापेक्षा वेगळी असू शकते. कशासाठी हवं ते लिहून साधा अर्ज सोबत न्या, ओळखपत्राची प्रत न्या. फोटो काढायची परवानगी आधी मागा, काढून झाल्यावर नव्हे. आणि 'एक भगिनी हवी आहे' असं विचारू नका. मी विचारलं होतं.

आपण जे शोधतो त्याची नक्कल नव्हे, मोजमाप सोबत असावं. आतेभावानं पानाचा फोटो खऱ्या मापात छापून दिला होता: ओळीची लांबी, दोन ओळींमधलं अंतर, पान-क्रमांकाच्या दोन्ही बाजूंची छोटी फुलं. त्यामुळे एखादा अंक उघडून दहा सेकंदांत 'हा नाही' म्हणता येत होतं. असे 'हा नाही' मी वहीत लिहून ठेवले, एकूण 31.

सर्वात जवळ आलो असं वाटलं ते एका तालुक्याच्या गावी. तिथल्या वाचनालयात त्या काळातल्या मासिकांच्या फायली आहेत असं कळलं होतं. गेले तर गृहस्थ म्हणाले, "मॅडम, होत्या. पोत्यात भरून ठेवलेल्या. जागा नव्हती, दोन वर्षांपूर्वी दिल्या." कुणाला दिल्या हे विचारायची गरज नव्हती. बाहेर येऊन चहा प्यायले आणि एसटी पकडली.

जानेवारी 2025 मध्ये ठरवलं की आहे तेवढी छापायची. यावर आमचं भांडण झालं. आतेभावाचं म्हणणं, "ताई, अडीच ओळींचा तर प्रश्न आहे. एखाद्या चांगल्या कवीकडून पुरी करून घेऊ, खाली तसं लिहू." मी म्हटलं, नाही. जागा मोकळी सोडायची, नेमकी अडीच ओळींची. तो दोन दिवस बोलला नाही, मग तिसऱ्या दिवशी तीच मोकळी जागा इतकी सुंदर जुळवून आणली की मीच गप्प झाले.

हक्काचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. वकील मैत्रिणीनं समजावलं ते असं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कवीचं नाव माहीत असेल तर मुदत मृत्यूनंतर मोजतात. निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनाची मात्र प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून. पूर्वी ती पन्नास वर्षं होती, 1992 मध्ये साठ केली. (रवींद्रनाथ 1941 मध्ये गेले, त्यांच्या लेखनाची पन्नास वर्षं 1991 मध्ये संपत होती, त्यावरून हे झालं.) 1926 ची निनावी कविता पन्नासनं मोजा नाहीतर साठनं, मुदत केव्हाच संपलेली. एकच मेख आहे. मुदतीच्या आत कवीचं नाव जाहीर झालं असेल तर गणित मृत्यूवर जातं. त्यामुळे निनावी दिसलं की लगेच हुश्श करू नका. ती कविता पुढे कुठल्या संग्रहात नावानिशी आली का ते बघा. आम्ही बघितलं, आली नव्हती. तरी पुस्तिकेत लिहिलं की कवयित्रीच्या घरचं कुणी असेल तर कळवावं. हक्क कुणाचाच उरला नसला तरी एक प्रत पाठवायला पत्ता हवा.

मार्चमध्ये जुळणी. इथला खरा घोळ अनुस्वारांचा. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 1926 ची कविता त्यांनी भरलेली. 'पुसतें', 'घरीं', 'उजेडांत'. आम्ही ठरवलं, एकही काढायचा नाही. 'पुसतें'वरचा अनुस्वार ही त्या बाईची बोलण्याची पद्धत नसेलही, पण तिच्या शाळेची आहे. ठरवणं सोपं, पाळणं कठीण. बोटांना सवय नसते. पहिल्या प्रुफात चौदा अनुस्वार गळले होते, दुसऱ्यात तीन. तिसरं प्रूफ मी आत्याला उलटं वाचायला लावलं, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, म्हणजे अर्थ डोळ्यांत धूळ टाकत नाही. युक्ती जुनी आहे, पण चालते.

आणि तरी फजिती झालीच. आतली पानं डिजिटल छपाईवर घ्यायची होती, 200 प्रतींना ऑफसेट परवडत नाही. मुखपृष्ठ मात्र ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छोट्या छपाई यंत्रावर, खिळ्यांनीच. गावात एक ट्रेडल अजून चालतं, बिलबुकांच्या नंबरिंगसाठी आणि परफोरेशनसाठी. त्यांच्याकडे देवनागरी खिळ्यांच्या दोनच केसेस उरल्यात. सत्तरी ओलांडलेल्या कंपोझिटरांनी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांनी, शीर्षक जुळवलं, प्रूफ दिलं. मी घाईत होते, शाळेच्या निकालाचे दिवस. प्रुफात 'दिव्याची कांच' बघितलं आणि लाल पेननं अनुस्वार उडवला. त्यांनी विचारलंसुद्धा, "बाई, काढू का नक्की?" मी म्हटलं, काढा. सगळी मुखपृष्ठं 'काच' अशी छापून झाल्यावर घरी येऊन आतलं पान उघडलं आणि मटकन बसले. परत छापायचे पैसे नव्हते. बावीसशे तेवढ्यालाच गेले होते. पुस्तिकेबरोबर दिलगिरीची ओळ टाकली, तरी तीन पत्रं आलीच.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी, पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन. आमचा पहिला अर्ज परत आला तो आमच्याच आळसानं, मुखपृष्ठाच्या नमुन्यावर प्रकाशनाचं नाव नव्हतं. छापून झाल्यावर तीस दिवसांत चार प्रती पाठवायच्या असतात हे छोटे प्रकाशक हमखास विसरतात. 1954 चा कायदा आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईत टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. खर्च आपला. मला हा खर्च कधी जड वाटत नाही. आपलं कपाट वाळवीनं खाल्लं तरी चार ठिकाणी कविता राहील.

16 जून 2025 ला पाकिटं टाकली. मे महिन्यापासून पोस्टात 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय, पुस्तकांसाठी. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कर वेगळा, आणि माग काढता येतो. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, जाहिराती नकोत. आमच्या मलपृष्ठावर आधीच्या पुस्तिकांची किमतीसह यादी होती, त्यामुळे छातीत धडधड. खिडकीवरच्या मुलीनं उलटून बघितलं, "ही जाहिरात आहे का?" मी म्हटलं, पुस्तकांची यादी आहे. तिनं नियम उघडून वाचला, यादी चालते असं निघालं. मग म्हणाली, "164? मॅडम, उद्यापासून रोज चाळीस आणाल का?" रास्त होतं. चार दिवस रोज शाळा सुटल्यावर पिशवी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी तिनं एक प्रत मागून घेतली.

आता मुख्य गोष्ट. 3 जुलैला दुपारी मधल्या सुट्टीत फोन वाजला. बेळगावहून. आमच्या एका वर्गणीदारांच्या आई, वय 83. मुलाच्या टेबलावर पुस्तिका बघितली म्हणे.

"बाळ, हे तुम्ही अर्धंच का छापलाय?"

मी कागद कापल्याचं सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच तोडलं. "ते वाचलं मी. पण पुढचं माझ्याकडं हाय की. आईच्या वहीत." आणि फोनवरच म्हणून दाखवलं. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, मी जिन्यातच उभी.

ऑगस्टमध्ये जोडून सुट्टी आली तेव्हा आम्ही दोघं बेळगावला गेलो, कोल्हापूर-निपाणीवरून, भर पावसात. वही शाळेची, चाररेघी, आत आवडलेल्या कविता उतरवून घेतलेल्या. मोडी वळणाचं देवनागरी. कवितेच्या डोक्यावर 'मासिकांतून' एवढंच आणि सन 1931. मासिकाचं नाव तिथेही नाही. आतेभावानं कपाळावर हात मारला. पाचवं कडवं असं आहे:

आज घरीं नच कोणी म्हणुनी
वात जराशी वर मी केली
बोट फिरवितां ओळीखालीं
रेघ काजळी उमटुन गेली

मी ते चारदा वाचलं. ती वाचते आहे! पाच कडव्यांत पहिल्यांदा. आणि शब्दाखालून बोट फिरवत वाचते आहे, म्हणजे नुकतीच शिकलेली.

वृत्त पादाकुलक, ओळीत आठ-आठ मात्रांचे दोन भाग, आणि कडवं त्यात चोख बसतं. पण वही आणि छापील पान शब्दाला शब्द जुळत नाहीत. पहिल्या कडव्यात आमच्याकडे 'उजेडांत घर पुस्तक वाची' आहे, वहीत 'बाळ उजेडीं पुस्तक वाची'. मात्रा दोन्हीकडे सोळा. उतरवून घेताना त्या आईनं स्वतःचं बाळ आत आणलं असेल, किंवा संपादकानं बाळाचं घर केलं असेल आणि वहीत दुसऱ्याच मासिकातला पाठ असेल. आणि असंही असू शकतं की शेवटचं कडवंच तिनं बदललं. आजींना हे विचारणं मला जड गेलं. त्या हसल्या. "आई चौथी शिकलेली. तिनं केलं असलं तर चांगलंच केलं की." मला स्वतःला 'घर' जास्त आवडतं. आतेभाऊ 'बाळ'च्या बाजूचा आहे, पण त्याला नुकती मुलगी झालीय, त्याचं मत धरू नका.

सप्टेंबरमध्ये पाचव्या कडव्याची चिठ्ठी छापली, त्या मोकळ्या जागेत बरोबर बसेल अशा मापाची, खाली 'बेळगावच्या वहीतला पाठ' असं लिहून. ट्रेडलवरच, त्याच खिळ्यांत. या वेळी कंपोझिटरांनी प्रूफ माझ्या हातात देताना पेन स्वतःच्या खिशात ठेवलं. चिठ्ठ्यांचे चारशे, साध्या टपालाचं पाच रुपयांचं तिकीट, 164 पाकिटांचे 820. फिरण्याचे सत्तावीसशे, आतल्या छपाईचे 5,800 धरून सगळा खर्च सोळा हजारांच्या आसपास गेला. वर्गणीतून निम्मा निघाला. बहुतेकांनी चिठ्ठी चिकटवली. ठाण्याच्या एका बाईंनी कळवलं की त्या चिकटवणार नाहीत, पानात सुटी ठेवतील, कारण ती दुसऱ्या घरून आली आहे.

'एक भगिनी' कोण, हे अजून लागलेलं नाही, मासिकही नाही. तुमच्याकडे, शेजाऱ्यांकडे, गावच्या वाचनालयाच्या पोत्यात शके 1848 चा कुठलाही दिवाळी अंक असेल, तर 61 वं पान काढून बघा. आकड्याच्या दोन्ही बाजूंना पाच पाकळ्यांची बारीक फुलं आहेत, उजवीकडच्या फुलाची एक पाकळी तुटलेली.